टीपीएम: बायोसमधलं ते बटण आधी बंद का असायचं?

आजचा विषय नावाला कोरडा आहे, पण त्यामागे वीस-बावीस वर्षांचं भांडण आहे. सुरुवात मधूनच करतो.

२४ जून २०२१. मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ जाहीर केलं आणि सोबत एक अट टाकली: कॉम्प्युटरमध्ये टीपीएम २.० पाहिजे. लोकांनी तपासणीचं ॲप चालवलं, तर चांगल्या दणकट मशीनवरही उत्तर आलं, ‘चालणार नाही’. मग सगळे धावले टीपीएमचे सुटे मॉड्यूल विकत घ्यायला. काही दिवसांत त्यांच्या किमती कित्येक पट वाढल्या. गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच जणांच्या मशीनमध्ये टीपीएम आधीपासून होतं, प्रोसेसरच्या आतच. फक्त बायोसमध्ये बंद होतं.

आता प्रश्न असा, की कंपनीने पैसे खर्चून सुरक्षेची सोय दिली, तर ती बंद ठेवून का दिली?

त्याआधी ही चिप करते काय ते बघू. १ मे २०१८ ला महाराष्ट्रात डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. पंधरा रुपये भरा आणि मोबाईलवर उतारा घ्या. त्या उताऱ्यामागे तलाठ्याची सही असते, आणि सहीची गुप्त किल्ली असते एका यूएसबी डोंगलमध्ये. ती किल्ली डोंगलच्या बाहेर कधीच येत नाही. कॉम्प्युटर फक्त म्हणतो, ‘यावर सही कर’, आणि डोंगल आतल्या आत सही करून देतो. टीपीएम म्हणजे असंच डोंगल, पण मदरबोर्डवर कायमचं बसवलेलं. (तलाठ्याने डोंगल आणि पिन दोन्ही दुसऱ्याच्या हातात दिलं तर चिप काही करू शकत नाही, तो वेगळा एपिसोड होईल.)

दुसरं काम जास्त महत्त्वाचं. मी हे रेकॉर्ड करतोय अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरमधून, म्हणजे कारखान्याच्या गावातून. ऊसवाल्या माणसाला वजनकाटा समजावून सांगावा लागत नाही. काट्याला वैधमापनवाल्यांचं सील असतं. आत कोणी हात घातला तर सील तुटतं आणि कळतं. टीपीएम तेच करतं. मशीन चालू होताना प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याचं मोजमाप काढून चिपमध्ये नोंदवतो. मोजमाप नेहमीसारखं आलं तरच चिप डिस्कची किल्ली सोडते. कोणी बूटच्या प्रोग्राममध्ये छेडछाड केली, तर किल्ली मिळत नाही.

पण काट्यावरचं सील शेतकरी का मानतो? कारण ते सील कारखान्याचं नसतं, तिसऱ्याच यंत्रणेचं असतं. कारखान्यानेच सील लावलं असतं तर काटामारीचा संशय दुप्पट झाला असता. टीपीएमचं सगळं भांडण नेमकं इथेच आहे: सील कोणाचं, आणि कोणापासून वाचवायला?

चला १९९९ मध्ये. जानेवारीत इंटेलने सांगितलं, की येणाऱ्या पेंटियम ३ प्रोसेसरला प्रत्येकी एक वेगळा सीरियल नंबर असेल आणि सॉफ्टवेअरला तो वाचता येईल. अमेरिकेतल्या प्रायव्हसीवाल्या संघटना भडकल्या. ‘इंटेल इनसाइड’ची टिंगल करत ‘बिग ब्रदर इनसाइड’ म्हणत त्यांनी बहिष्काराची हाक दिली. इंटेलला तो नंबर बंद ठेवायची सोय द्यावी लागली, आणि नंतरच्या प्रोसेसरमधून तर नंबरच काढून टाकला. हार्डवेअरमधली ओळख लोकांना न विचारता चालू केली की काय होतं, हे सगळ्या कंपन्यांनी तेव्हा बघितलं.

त्याच वर्षी कॉम्पॅक, एचपी, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट एकत्र आले आणि त्यांनी टीसीपीए नावाचा गट काढला. २००३ मध्ये त्याची जागा ट्रस्टेड कम्प्युटिंग ग्रुपने घेतली. टीपीएमचे नियम यांचेच. मध्येच २००२ मध्ये मायक्रोसॉफ्टची ‘पॅलेडियम’ योजना बाहेर आली आणि आगीत तेल पडलं. केंब्रिजचे प्राध्यापक रॉस अँडरसन यांनी लिहिलं, की अशा मशीनवर शेवटचा शब्द मालकाचा राहणार नाही, सॉफ्टवेअर आणि सिनेमे विकणाऱ्यांचा होईल. रिचर्ड स्टॉलमननी तर ‘ट्रस्टेड’ शब्द उलटा करून ‘ट्रेचरस’, म्हणजे दगाबाज, असं नाव ठेवलं.

या वातावरणात टीपीएम १.२ आलं. त्याचा नियम होता ‘ऑप्ट-इन’: चिप बंदच विकायची, मालकाला पाहिजे तर त्याने चालू करावी. तेही लांबून नाही. माणूस मशीनसमोर बसलेला पाहिजे, बायोसमध्ये जाऊन त्याने स्वतः ‘हो’ म्हटलं पाहिजे. याला ‘फिजिकल प्रेझेन्स’ म्हणतात. म्हणजे बायोसमधलं ते कंटाळवाणं बटण इंजिनियरच्या विसरभोळेपणामुळे बंद नव्हतं. आरडाओरडा करणाऱ्या लोकांना शांत करण्यासाठी ते तसं ठेवलेलं होतं. मला वैयक्तिक हा भाग फार आवडतो.

पुढे बटणाची दिशा हळूहळू बदलली. विंडोज व्हिस्टासोबत बिटलॉकर आलं आणि ऑफिसच्या लॅपटॉपमध्ये चिपला पहिलं खरं काम मिळालं. २०१३ च्या सुमारास इंटेलने टीपीएमचं काम स्वतःच्याच फर्मवेअरमध्ये घेतलं, त्याला पीटीटी म्हणतात. एएमडीचं एफटीपीएम. २०१४ मध्ये टीपीएम २.० आलं. २८ जुलै २०१६ पासून विंडोज १० सोबत विकायच्या नव्या मशीनमध्ये ते चालू करूनच द्यायची अट आली. सुटे भाग जोडून बनवलेल्या पीसीमध्ये मात्र ते बंदच राहत गेलं, म्हणून २०२१ मध्ये सगळ्यात जास्त गोंधळ गेमर लोकांचा झाला.

तोपर्यंत विरोध जवळपास संपला होता, कारण चोरीला गेलेला लॅपटॉप ही रोजची गोष्ट होती आणि सिनेमेवाल्यांची भीती तितकी खरी ठरली नाही. चिप निर्दोष होती असंही नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये इन्फिनिऑनच्या चिपमध्ये किल्ल्या बनवण्याची पद्धतच कच्ची निघाली. टीपीएम तर सापडलेच, शिवाय एस्टोनिया देशाला साडेसात लाखांच्या आसपास ओळखपत्रांची प्रमाणपत्रं थांबवावी लागली.

आता आपल्या कामाचं. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि आपल्याकडे कॉलेजच्या पोरांचे बरेचसे लॅपटॉप सेकंड हँड असतात. आधी विंडोजमध्ये टीपीएम.एमएससी टाईप करून बघा. ‘सापडलं नाही’ आलं तर सेटिंग्जमधल्या रिकव्हरीतून यूईएफआय फर्मवेअरमध्ये जा. तिथे ‘टीपीएम’ असंच लिहिलेलं सापडेल याचा भरवसा नाही. इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम, लेनोवोत ‘सिक्युरिटी चिप’, आणि एचपीत ‘टीपीएम डिव्हाइस’समोर चक्क ‘हिडन’ लिहिलेलं असू शकतं. ते ‘अव्हेलेबल’ करायचं. चालू करायला धोका नाही. पण शेजारचा ‘क्लिअर टीपीएम’ पर्याय उगाच दाबू नका, त्याने आतल्या किल्ल्या पुसल्या जातात. आणि टीपीएम चालू होऊनही प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा असेल तर विंडोज ११ अधिकृतपणे बहुधा नाहीच. अशा मशीनवर लिनक्स टाका, त्याला टीपीएमची अट नाही.

अजून एक. जुन्या मशीनमधला मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला की बायोसची सेटिंग मूळ जागी जाते, आणि काही मशीनमध्ये टीपीएम परत बंद होतं. डिस्क लॉक असेल तर सकाळी सकाळी स्क्रीनवर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सेव्ह असू शकते. लॅपटॉप मित्राच्या किंवा दुकानदाराच्या अकाउंटने सेट केला असेल तर की त्याच्याकडे, फोटो आणि प्रोजेक्ट तुमचे. म्हणून आज रात्रीच ती की कुठे आहे ते बघा आणि वहीत लिहून ठेवा.

आणि ज्या फोनवर तुम्ही हे ऐकताय, त्यातही बहुतेक याच कल्पनेची सोय आहे. आयफोनमध्ये ती २०१३ च्या ५एस पासून आहे. तिथे बंद करायचं बटण कधी आलंच नाही, आणि त्यावरून बहिष्काराची हाकही कोणी दिली नाही.

प्रश्न असतील तर व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.