कल्याणच्या धक्क्यावरचे सहा प्रश्न

दुर्गाडीच्या पुलावरून भिवंडीकडे धावणाऱ्या ट्रकांचा आवाज मागे पडू द्या. किल्लाही विसरा, तो उभा राहायला अजून सोळाशे वर्षं आहेत. इसवी सनाचं पहिलं शतक मध्यावर आलंय. आश्विन लागलाय, पाऊस नुकताच सरलाय, उल्हास नदीचं पाणी अजून गढूळ आहे. भरती चढतेय आणि तिच्यासोबत परक्या बांधणीचं एक गलबत खाडीतून वर येतंय. तुम्ही कल्याणच्या धक्क्यावर उभे आहात, घोट्यापर्यंत चिखलात.

दोरखंड फेकले जातात, हमाल पाण्यात उतरतात. आलेली माणसं यवन, म्हणजे ग्रीक, आहेत. जुलैत इजिप्तच्या किनाऱ्यावरून निघाली आणि मोसमी वारा शिडांत भरून इथवर पोचली. तांबं, कथील, शिसं, पोवळं उतरतंय, आणि दोन कानांचे, बुडाशी निमुळते होत गेलेले मातीचे रांजण. एकाचं बूच निघालंय. वाकून वास घ्या. आधी द्राक्षाच्या दारूचा आंबूस वास येतो, मग आतून लावलेल्या राळेचा कडवट दर्प. या लोकांपैकीच एका अनामिकाने ‘पेरिप्लस’ नावाचं समुद्रप्रवासाचं पुस्तक लिहिलं. त्यात हे गाव ‘कल्लिएना’ म्हणून नोंदलेलं आहे.

ग्रीक तत्त्वज्ञानाचा आरंभही अशाच एका धक्क्यावर झाला. मिलेटस हे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचं प्राचीन बंदर. तिथे देशोदेशीचे लोक यायचे. प्रत्येकाचे देव वेगळे, जग कसं झालं याची कथा वेगळी. सगळ्याच कथा एकदम खऱ्या कशा असतील? ‘आमच्याकडे असंच सांगतात’ एवढ्यावर परका माणूस गप्प बसत नाही. त्याला कारण द्यावं लागतं. कारण मागायची आणि द्यायची ही सवय म्हणजेच तत्त्वज्ञान, असं मी मानतो. त्याच्या शाखा ग्रंथालयात शोधायची गरज नाही. आज दिवसभर याच धक्क्यावर थांबा, एकेक करून सगळ्या भेटतील.

तांब्याची लगड हातात घ्या. जड आहे, गार आहे. हे मुळात कशाचं बनलंय? मिलेटसच्या थेलीसने इ. स. पू. सहाव्या शतकात अवघ्या विश्वाबद्दल हेच विचारलं आणि उत्तर दिलं: पाणी. त्याच गावच्या ॲनॅक्झिमँडरला ते पटलं नाही. मूळ तत्त्व असं ठरावीक नसणारच, ते अमर्याद आहे, असं तो म्हणाला. ॲनॅक्झिमिनीस म्हणाला, हवा. हेरॅक्लिटसला सगळंच वाहतं दिसलं, तर पार्मेनिडीसच्या मते बदल हाच भास. डेमॉक्रिटसने अणू आणि पोकळी एवढंच शिल्लक ठेवलं. उत्तरं मागे पडली, पण आधीच्याचं ऐकून घेऊन ते खोडायची रीत टिकली. हीच तत्त्वमीमांसा. धक्क्यालगतच्या वडाखाली बसलेल्या भिक्खूला विचारा. जे जे घडलं ते ते मोडणार, हे तो तुम्हाला शांतपणे समजावेल.

आता सोनाराकडे वळा. तो कसोटीच्या दगडावर चांदीचं एक जुनं नाणं घासतोय. त्याच्याकडून मागून घ्या. एका बाजूला ग्रीक अक्षरांत राजाचं नाव, मिनँडर; दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपी आणि वज्र उगारलेली अथेना. अथेन्सची देवता कल्याणच्या सोनाराच्या चिमटीत! मिनँडर जाऊन दोनशे वर्षं होत आली तरी त्याची नाणी भरुचच्या बाजारात चालतात, असं पेरिप्लसच सांगतो. हाच आपला मिलिंद राजा, बौद्ध भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा. सोनार म्हणतो, “नाणं खरं आहे.” तुम्ही विचारा, “कशावरून?” इथे ज्ञानमीमांसा सुरू होते. प्लेटोने नुसतं मत आणि ज्ञान यांत फरक केला: मत योगायोगाने बरोबर निघू शकतं, ज्ञानाला आधार लागतो. पिऱ्हो सिकंदराच्या सैन्याबरोबर भारतात आला होता, इथल्या तपस्व्यांना भेटला होता. परत गेल्यावर त्याने निवाडा राखून ठेवायला शिकवलं. सोनाराचा दगड या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे.

पलीकडे दलाल बोट नाचवत सांगतोय: मोहोर असलेला प्रत्येक रांजण भरलेला असतो, या रांजणाला मोहोर आहे, म्हणजे हा भरलेला. ॲरिस्टॉटलने याच सांगाड्याचं शास्त्र केलं. सांगाडा बिनचूक आहे. तरी रांजण हलवून बघा, कारण पहिलं विधानच खोटं असेल तर बिनचूक तर्कही तुम्हाला बुडवतो. तर्कशास्त्र वाट दाखवतं. निघायचं कुठून, हे डोळे उघडे ठेवूनच ठरवावं लागतं.

दुपार चढते. यवन व्यापारी तांब्याचा भाव लावतोय आणि शेजारी उभं राहून तुम्हाला एक गोष्ट कळलीय: तांब्याने भरलेली आणखी दोन गलबतं मागून येत आहेत. उद्या भाव कोसळणार. हे त्याने गिऱ्हाइकाला आज सांगावं का? ग्रीक तत्त्वज्ञांच्या स्टोइक पंथात हा वाद खरोखर झाला, रोमन लेखक सिसेरोने तो लिहून ठेवलाय. त्यातलं उदाहरण असं: ऱ्होड्स बेटावर दुष्काळ आहे, अलेक्झांड्रियाहून धान्य घेऊन आलेल्या व्यापाऱ्याला मागच्या जहाजांची बातमी आहे. बॅबिलोनचा डायोजिनीस म्हणतो, खोटं बोलू नये, पण सगळं सांगायला तो बांधील नाही. त्याचा शिष्य अँटिपॅटर म्हणतो, समोरचाही तुझ्याच मानवजातीचा आहे, त्याला अंधारात ठेवू नकोस. गुरूला शिष्याने एवढं स्पष्ट उत्तर दिलं, याचा मला फार आदर वाटतो. सॉक्रेटिसने इ. स. पू. ३९९ मध्ये विषाचा प्याला घेतला तो याच शाखेपायी, नीतिशास्त्रापायी. कसं जगावं हा प्रश्न विचारणं सोडायला तो तयार नव्हता. घर घेताना, दुकान चालवताना, डोंबिवलीत असो की ठाण्यात, अँटिपॅटर आपल्या शेजारीच उभा असतो.

पैठणहून बैलगाडीने आलेला एक गोमेद कुणीतरी उन्हात धरतं आणि सौदा क्षणभर थांबतो. सगळ्यांनाच तो सुंदर का वाटला? प्लेटोला कलेचं भय वाटलं, ॲरिस्टॉटलने तिची बाजू मांडली. सौंदर्यशास्त्राची सुरुवात एवढ्या एका थबकण्यात आहे.

आणि मग शिपाई येतात. माल पुन्हा गलबतात चढवा, पहाऱ्याखाली भरुचला चला, असा हुकूम आहे. पेरिप्लसमध्ये हेही आहे: थोरल्या सारगनस राजाच्या काळी कल्याण कायदेशीर बाजारपेठ होती, सँडानीसच्या ताब्यात गेल्यावर व्यापाराची कोंडी झाली. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याची ही झळ, असं इतिहासकार मानतात. सोनार, दलाल, हमाल, सगळे गप्प. तुम्ही मात्र मनात तरी विचारा: कोणत्या अधिकाराने? शासन योग्य कधी असतं, हा राजकीय तत्त्वज्ञानाचा प्रश्न ॲरिस्टॉटलच्या ‘पॉलिटिक्स’ या ग्रंथाचा गाभा आहे.

हुकूम सुटला की भाव थांबतो, आणि भावाबरोबर वादही. मिलेटस इ. स. पू. ४९४ मध्ये इराणी फौजेने उद्ध्वस्त केलं. त्यानंतर विचारांचं केंद्र म्हणून त्याचं नाव उरलं नाही. कल्याणचं तसं झालं नाही. कान्हेरीच्या लेण्यांत कल्याणच्या सोनाराचं, लोहाराचं, व्यापाऱ्यांचं दान कोरलेलं आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातले खांब तर यवनांनीही दिले. सम्राट जस्टिनियनने ५२९ मध्ये अथेन्समधलं तत्त्वज्ञानाचं अध्यापन बंद पाडलं. त्याच सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा प्रवासी कॉस्मस कल्याणला भारतातल्या मोठ्या व्यापारपेठांत धरतो आणि इथे ख्रिस्ती बिशप असल्याचंही सांगतो. म्हणजे परकी माणसं, परके देव आणि परके प्रश्न तेव्हाही इथे उतरत होते.

ठाणे-कल्याण पट्ट्यात आज देशभरातून माणसं येतात, आपापली उत्तरं घेऊन. त्यांच्याशी बोलताना ‘आमच्याकडे असंच असतं’ म्हणून गप्पा संपवता येतात, किंवा कारण विचारता आणि देता येतं. दुसरा मार्ग कष्टाचा आहे, पण थेलीसपासून नागसेनापर्यंत ज्यांच्याकडून आपण काही शिकलो ते सगळे त्याच मार्गाने गेले. तो धरायला कुठल्या पदवीची गरज नाही. समोरच्याचं पूर्ण ऐकून घ्या, आणि मग विचारा: कशावरून?