एन्रिकेचा जबाब कोणी घेतला?

पृथ्वीप्रदक्षिणेचे श्रेय पाठ्यपुस्तके मॅगेलनला देतात. वास्तविक २७ एप्रिल १५२१ रोजी फिलिपाईन्समधील मॅक्टन बेटावर तो लढाईत मारला गेला. सप्टेंबर १५१९ मध्ये स्पेनहून निघालेल्या पाच जहाजांपैकी 'व्हिक्टोरिया' हे एकच जहाज सप्टेंबर १५२२ मध्ये १८ माणसे घेऊन परतले. त्यांत पिगाफेटा हा इटालियन होता. त्याने रोजच्या रोज टिपणे ठेवली होती, म्हणून या सफरीचा पहिला साक्षीदार म्हणून त्याचा मान मोठा. पण जहाज परत आणणाऱ्या एल्कानोचे नाव या साक्षीदाराने एकदाही घेतलेले नाही. तेव्हा साक्षीदारालाही पक्ष असतो, हे आपण आधीच ध्यानात घेतलेले बरे.

मला या हकीकतीत शोध घ्यायचा आहे तो एन्रिकेचा. एन्रिके हा मॅगेलनचा गुलाम. १५११ मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का जिंकले, त्या सुमारास तो मॅगेलनच्या ताब्यात आला. एन्रिके हे ख्रिस्ती नाव. त्याचे जन्मनाव इतिहासाला ठाऊक नाही. मार्च १५२१ मध्ये फिलिपाईन्सच्या किनाऱ्यावर होडीतल्या लोकांना त्याची मलय भाषा समजली आणि मॅगेलनचे सारे तह, सारा धर्मोपदेश याच गुलामाच्या तोंडून होऊ लागला.

मॅगेलनने ऑगस्ट १५१९ च्या मृत्युपत्रात लिहून ठेवले होते, की आपल्या मृत्यूच्या दिवसापासून एन्रिके मुक्त व्हावा आणि त्याला १०,००० माराव्हेदी मिळावेत. मॅक्टनच्या लढाईत एन्रिकेही जखमी झाला होता. मालक मेला, म्हणजे तो त्याच दिवशी कायद्याने स्वतंत्र झाला. पण पिगाफेटाच सांगतो, की नवा सेनापती बार्बोसा त्याच्यावर ओरडला : धनी मेला म्हणून तू सुटला नाहीस, स्पेनला गेल्यावर तू धनिणीचा गुलाम, कामाला ऊठ, नाहीतर फटके खाशील!

पुढे १ मे रोजी सेबूच्या राजाने मेजवानीला बोलावले आणि किनाऱ्यावर गेलेल्यांपैकी बहुतेकांची कत्तल झाली. पिगाफेटा लिहितो, की एन्रिकेने राजाशी संगनमत केले. पण तो स्वतः बाणाच्या जखमेमुळे जहाजावरच थांबला होता. राजा आणि गुलाम यांच्यात काय बोलणे झाले, हे त्याने ऐकले कुठून? परतलेल्यांना भेटून वृत्तांत लिहिणाऱ्या मॅक्सिमिलियानुसच्या मते गुलामाला दरडावणारा सेरानो होता, बार्बोसा नव्हे. पीटर मार्टर या इतिहासकाराला तर एका खलाशाने निराळेच कारण सांगितले : स्पॅनिश लोकांनी तिथल्या स्त्रियांवर केलेले अत्याचार. तीन वृत्तांत, आणि त्यांत एकमत नाही. तरीही गद्दारीचा शिक्का बसला तो गुलामावरच. स्त्रियांवरील अत्याचार मागे पडले, कारण ते मान्य केले तर गुन्हेगार बदलतो.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४३ मध्ये 'रानडे, गांधी आणि जिना' या भाषणात सांगितले होते, की हक्कांचे रक्षण कायद्याने होत नाही. समाजाच्या नैतिक सदसद्विवेकाने होते. एन्रिकेचा हक्क सही-शिक्क्यानिशी लिहिलेला होता. तो अमलात आणायचा होता तो मात्र चाबूक हाती असलेल्यांनी.

कत्तलीनंतर पिगाफेटाच्या हकीकतीतून एन्रिके नाहीसा होतो. अनेक भाषा बोलणाऱ्या या माणसाचे स्वतःचे एक वाक्यही कोणी लिहून ठेवले नाही. म्हणून विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगेन : प्रत्यक्षदर्शीची साक्ष जरूर वाचा, पण त्या वेळी तो कुठे उभा होता आणि आरोपीला कोणी विचारले होते का, हे तपासल्यावाचून तिच्यावर निकाल देऊ नका.