आणखी एक डाव

दिवाळीचा पाडवा आपण बलिप्रतिपदा म्हणून ओळखतो. पण त्याचे आणखीही एक जुने नाव आहे, द्यूतप्रतिपदा. ह्या दिवशी पट मांडून डाव खेळावा, अशी पूर्वापार चाल. आणि तिचे मूळ शंकर-पार्वतीच्या खेळात सांगतात. वेरुळास एकोणतिसाव्या लेण्यात हा प्रसंग कोरलेला आहे. पार्वती डावावरून उठू पाहते आहे आणि शंकराने तिचा हात धरून ठेवला आहे. 'थांब, आणखी एक डाव!' असेच तो म्हणत असावा, असे ते शिल्प पाहणाऱ्यास वाटते. आता शंकराला ह्या खेळातून मिळवायचे ते काय उरले होते? तरी त्याला पुन्हा खेळायचेच होते.

हाच प्रश्न अलीकडे अगदी निराळ्या ठिकाणी उभा राहिला. २००१ साली इंग्लंडात केंब्रिज येथे 'रूनस्केप' नावाचा संगणकावरचा खेळ निघाला. पडद्यावर एक काल्पनिक मुलूख, आणि देशोदेशीचे हजारो लोक एकाच वेळी तेथे आपापले सोंग घेऊन वावरणार. कोणी लाकूडतोड्या, कोणी कोळी, कोणी लोहार, कोणी मांत्रिक. एवढा जादूचा मुलूख मिळाल्यावर माणसे तेथे करतात काय, तर तासन्‌तास झाडे तोडतात आणि मासे धरतात! आपल्या आजोबांना हे सांगितले असते, तर 'मग शेतावर का येत नाहीस?' असे त्यांनी विचारले असते.

चालकांनी हा खेळ सुधारायला घेतला. २००७ च्या अखेरीपासून देवाणघेवाणीवर आणि लढायांवर निर्बंध आले. २०१२ साली लढण्याची सारी पद्धतच बदलली. चित्रे देखणी झाली, सोयी वाढल्या, आणि जुने खेळाडू एकेक करून उठून गेले. चालकांकडे ऑगस्ट २००७ मधली ह्या खेळाची एक प्रत शिल्लक होती. ती पुन्हा सुरू करावी काय, म्हणून फेब्रुवारी २०१३ मध्ये मते मागविली, तेव्हा सुमारे साडेचार लाख मते पडली. तो ओबडधोबड चित्रांचा जुना खेळ पुन्हा उघडला आणि आजही चालू आहे. शहाणपण असे, की पुढे त्यात नवे काही घालायचे तर खेळाडूंचे मत घ्यायचे ठरले. प्रथम शंभरात पंच्याहत्तरांची संमती लागे. २०२२ पासून सत्तरांची लागते.

आपल्याकडच्या माणसाला ह्याचे फारसे नवल वाटू नये. सोंग घेऊन उभे राहणे आणि तेच सोंग पुन्हा पुन्हा पाहणे, ह्यावर तर आपली निम्मी लोककला उभी आहे. नाथांच्या भारुडांतले वासुदेव, जोशी, भुत्या चारशे वर्षे गावोगाव येत आहेत. परभणीकडे गोंधळाची परंपरा जोरकस. गोंधळाचे नाव निघाले की परभणीच्या राजारामबापू कदम ह्यांचे नाव निघतेच. गोंधळात मुख्य गोंधळी कथा सांगत असतो आणि संबळ-तुणतुण्याच्या साथीत त्याचा साथीदार मध्येच विचारतो, 'मग पुढं काय झालं?' त्याला पुढचे ठाऊक असते. समोर घोंगडीवर बसलेल्या म्हातारीलाही ते ठाऊक असते. तरी तो विचारतो, आणि विचारतो म्हणूनच रात्र सरते. कथा कळावी म्हणून कोणी गोंधळाला बसत नाही. साथीदाराने आपल्या जागेवरून आपला प्रश्न विचारावा, ह्यासाठी बसतात.

सोंगट्यांच्या पटाचेही तसेच. फुलीच्या आकाराचा कापडी पट, चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत तीन रांगा, रांगेत आठ घरे. म्हणजे शहाण्णव घरे आणि मधोमध चौक. चार रंगांच्या सोळा सोंगट्या. दान पाडायला लांबट फासे किंवा कवड्या. पंचवीसचे दान पडते म्हणून 'पचिसी' हे एक नाव. पण ह्या खेळातली खरी गोम निराळीच आहे. समोरासमोर बसलेले दोघे भिडू असतात आणि दोघांच्या सोंगट्या घरी पोचल्या तरच डाव जिंकला. म्हणून मुरलेला खेळाडू कधीकधी घराच्या तोंडाशी आलेली आपली सोंगटी आत नेत नाही. भिडू अडचणीत आहे असे पाहून तिला पुन्हा एक फेरा घालायला पाठवतो. वाटेत ती मरेल, हे माहीत असते. हा एकच नियम मला साऱ्या पटापेक्षा मोलाचा वाटतो.

इंग्रजांनी हा खेळ उचलला आणि १८९६ साली 'ल्यूडो' म्हणून त्याचे पेटंट घेतले. कवड्या गेल्या, चौकोनी फासा आला, मुलांना समजेल असे सारे सोपे झाले. आणि त्याबरोबर भिडूही गेला. ज्याने त्याने आपापल्या चार सोंगट्या घरी न्याव्या! ही सुधारणा मला रूनस्केपच्या सुधारणेसारखीच दिसते: खेळ सुबक झाला, पण त्यातला शेजार उठला.

येथे एक गोष्ट विसरून चालणार नाही. पटाकडे परतणारे सगळेच भिडूसाठी परतत नाहीत. महाभारताच्या सभापर्वात पहिल्या द्यूतात धर्मराज सर्वस्व हरला. धृतराष्ट्राने ते सारे परत दिले. पांडव वाटेला लागले. आणि पुन्हा बोलावणे येताच तोच धर्मराज मागे फिरून डावाला बसला. त्या दुसऱ्या डावाची किंमत बारा वर्षे वनवास आणि एक वर्ष अज्ञातवास. हल्ली खिशातल्या फोनवरही असे बोलावणे येते. रात्री दोन हजार हरलेला मुलगा सकाळी ते परत मिळवायला बसतो आणि पाच हजार हरतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली, ती उगीच नव्हे. असा मुलगा 'मी जुन्या खेळाकडे जातो' म्हणत असला, तरी तो आपल्या गेलेल्या पैशांकडे जात असतो. घरच्यांनी त्याला ओळखायची खूण सोपी आहे: समोर कोण बसले आहे, हे त्याला सांगता येत नाही.

उलट परभणीतले २०२० चे दिवस आठवा. हा जिल्हा ज्वारी-कापसाचा, पूर्णेसारख्या रेल्वे जंक्शनचा. येथली मुले गाडीत बसून पुणे-हैदराबाद गाठणार, हे ठरलेलेच. त्या वर्षी मार्चमध्ये गाड्याच थांबल्या. ज्यांना येता आले ते आले. बाकीचे भाड्याच्या खोल्यांत अडकले. त्याच दिवसांत 'लूडो किंग' घरोघर शिरला. हा खेळ नवी मुंबईच्या एका कंपनीने २०१६ सालीच काढलेला होता आणि त्याच्यात नवीन असे काही नव्हते. तरी देशभर कोट्यवधी लोक त्याच्यावर तुटून पडले. आमच्या ओळखीच्या पुष्कळ घरांत रात्री जेवणे आटोपली की फोन उशीला टेकवून उभे राहत. पुण्यातला मुलगा हिरवा, हैदराबादेतली लेक पिवळी, घरचे लाल नि निळे. डाव कोण जिंकले, हे आज त्यांच्यापैकी कोणालाच आठवत नाही. मुलगा जेवला का, त्याचा खोकला बरा झाला का, हे मात्र मधल्या मधल्या दानांत सारे विचारून होई.

अशाच एका घरात ऐंशीच्या पुढच्या एक आजी नातवाशेजारी बसून तो डाव बघत. माहेरी त्या कवड्यांवर खेळलेल्या. चार दिवस त्या काही बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाल्या, "बाळा, सगळं छान आहे रे. पण ह्यात माझा भिडू कोणता?" नातवाने सांगितले, की आजी, ह्यात भिडू नसतो, ज्याचा तो खेळतो. आजींनी फोन बाजूला सारला, कपाटातून जुने पातळ काढायला लावले आणि पट शिवायला घेतला.