चौकटीच्या दुकानातून पहिल्या मजल्यावर

आधुनिक भारतीय चित्रकलेचा इतिहास आपण बहुधा चित्रकारांच्या आणि त्यांच्या गटांच्या नावांनी वाचतो. चित्र ज्या खोलीत पहिल्यांदा लोकांसमोर आलं, ती खोली त्यात क्वचितच येते. प्रदर्शनांचा अभ्यास सुरू होतो तो या खोलीपासून. मुंबईची गॅलरी केमोल्ड हे त्यासाठी मला सर्वांत सोयीचं उदाहरण वाटतं.

केमोल्डचा उगम चौकटींच्या धंद्यात आहे. १९४१ मध्ये केकू गांधींनी फ्रेम बनवायला सुरुवात केली. पुढे प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या दुकानाच्या काचेमागे आरा, हुसेन, हेब्बर यांची चित्रं दिसू लागली. माल खपवायचा होता हे उघड आहे, आणि त्यात कमीपणा मानायचं कारण नाही; नव्या चित्रकारांना तेव्हा भिंती होत्याच किती? १९६३ मध्ये केकू आणि खोर्शेद गांधी यांनी काळा घोड्याच्या जहांगीर आर्ट गॅलरीत पहिल्या मजल्यावर केमोल्ड उघडली.

एकाच इमारतीत असूनही जहांगीर आणि केमोल्ड यांचं अर्थशास्त्र वेगळं होतं. जहांगीरचं दालन चित्रकार अर्ज करून, भाडं भरून घेतो. त्यासाठी वर्षानुवर्षं थांबतो आणि तारीख हाती आली की ‘जहांगीर मिळाली’ म्हणतो. खासगी गॅलरी मात्र चित्रकार स्वतः निवडते आणि विक्रीतून कमिशन घेते. म्हणजे तिथलं प्रत्येक प्रदर्शन हे कुणाच्या तरी पसंतीचं आणि जोखमीचं कागदपत्रच असतं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची वारली चित्रं १९७५ मध्ये केमोल्डमध्ये लागली. झोपडीच्या कुडाची चित्रभाषा कागदावर आली, तिला किंमत लागली, खाली चित्रकाराचं नाव आलं. या तिन्ही गोष्टींचे परिणाम वारली समाजावर काय झाले, हा कलेइतकाच समाजशास्त्राचा प्रश्न आहे.

केमोल्डमधलं १९९२ चं चित्रकार नलिनी मलानी यांचं ‘सिटी ऑफ डिझायर्स’ हे प्रदर्शन तर या विषयाच्या विद्यार्थ्यानं चुकवूच नये. मलानींनी गॅलरीच्या भिंतींवरच थेट रेखाटनं केली. नाथद्वाऱ्यातल्या एकोणिसाव्या शतकातल्या भित्तिचित्रांची होणारी हेळसांड त्यांच्या मनात होती. मुदत संपल्यावर भिंती रंगवून टाकल्या. विकता येईल असं त्या भिंतींवर काहीच नव्हतं, आणि जागा तर विक्रीवर चालणारी! अशा कामाला भिंती देण्याचा निर्णय मला त्या गॅलरीच्या इतिहासातला सर्वांत बोलका वाटतो. बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर चित्रं सोडून मांडणशिल्पाकडे वळलेल्या रुम्माना हुसेन यांचं ‘होम/नेशन’ १९९६ मध्ये इथंच झालं. २००७ मध्ये केमोल्ड फोर्टमधल्या प्रेस्कॉट रोडवरच्या प्रशस्त जागेत गेली. जागा वाढली की कामांचा आकारही वाढतो. ते नेहमी भल्यासाठीच होतं असं मी म्हणणार नाही.

‘आपल्याला मॉडर्न आर्ट कळत नाही’ म्हणून दारातूनच परतणाऱ्या वाचकाला प्रदर्शनांच्या या अभ्यासात मुद्दाम बोलवावंसं वाटतं. इथले पहिले प्रश्न अर्थाचे नसतातच. काय कशाशेजारी लावलं होतं? किती उंचीवर? किंमत कुणी ठरवली? ओपनिंगला कोण होतं, आणि एरवी मंगळवारी दुपारी कोण येई? उत्तरं निमंत्रणपत्रिकांत, किमतींच्या याद्यांत, अभिप्रायाच्या वहीत आणि कुणीतरी सहज काढून ठेवलेल्या फोटोंत सापडतात. मराठी वाचकाच्या हाती आणखी एक साधन आहे: मराठी वृत्तपत्रांतली आणि नियतकालिकांतली प्रदर्शन-परीक्षणं. ज्ञानेश्वर नाडकर्णींसारखे समीक्षक मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहीत. त्यांनी एकाच चित्रकाराबद्दल दोन भाषांत काय लिहिलं, कुणासाठी काय गाळलं, एवढं जरी कुणी शेजारी शेजारी ठेवून वाचलं तरी एका चांगल्या प्रबंधाचा ऐवज हाती लागेल.