बोर्थ गावच्या दर्यावर्दी घरांचा माग

वेल्सच्या पश्चिम किनाऱ्यावर, डोवी नदीच्या मुखाच्या दक्षिणेस, समुद्राने शतकानुशतके लोटून रचलेल्या गोट्यांच्या एका लांबट बांधावर बोर्थ नावाचे गाव वसले आहे. मूळचे गाव म्हणजे एकच रस्ता आणि त्याच्या दोन्ही अंगांस दाटीने उभी असलेली घरे. पश्चिमेकडील घरांच्या परसदारी कार्डिगन उपसागराची भरती येऊन थडकते, तर पूर्वेकडील घरांच्या मागे लेरी नदीचा एकोणिसाव्या शतकात सरळ केलेला प्रवाह आणि त्यापलीकडे कॉर्स फोख्नो नामक विस्तीर्ण दलदल पसरलेली आहे. ओहोटीच्या वेळी, विशेषतः मोठ्या वादळाने वाळू धुपून गेल्यावर, येथे पाइन, ओक आणि आल्डर वृक्षांचे बुंधे मुळांसकट उघडे पडतात. ते साडेचार हजार वर्षांहूनही प्राचीन आहेत, आणि समुद्राच्या पोटात गेलेल्या कांत्रर ग्वाइलोद या राज्याची जी कथा वेल्समध्ये परंपरेने सांगितली जाते, तिला या बुंध्यांनी प्रत्यक्षाचा आधार पुरविला असावा. ज्या भूमीवर वनेच्या वने लुप्त झाली, त्या भूमीवर एखाद्या खलाशाचे दोन खोल्यांचे घर शोधू पाहणे हे प्रथमदर्शनी धाडसाचे वाटते. तथापि लिव्हरपूल, कार्डिफ, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलिया येथे विखुरलेल्या या गावच्या वंशजांना, आपला खापरपणजोबा ज्या उंबरठ्यावरून गलबतावर निघाला तो उंबरठा नेमका कोणता, हे जाणण्याची ओढ असते. आणि ती ओढ पुरी करावयाची तर वेल्सच्या दर्यावर्दी समाजाचा सारा इतिहासच उलगडून पाहावा लागतो.

पहिली अडचण माणसाच्या नावाचीच. वेल्समध्ये प्राचीन काळापासून पित्याचे नाव पुत्राच्या नावापुढे ‘आप’ म्हणजे ‘चा मुलगा’ हे पद घालून जोडीत, आणि दर पिढीस ते बदलत असे. सोळाव्या शतकात १५३६ आणि १५४३ च्या कायद्यांनी वेल्स इंग्लंडच्या राज्यव्यवस्थेत पुरतेपणी सामील झाल्यावर उच्चवर्गीयांनी इंग्रजी पद्धतीची स्थिर आडनावे स्वीकारली. परंतु ग्रामीण भागातून जुनी चाल कोठे कोठे एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत टिकून होती. अखेरीस जेव्हा सर्वांची आडनावे कायम झाली, तेव्हा ती जोन्स, डेव्हिस, एव्हान्स, विल्यम्स अशा मूठभर नावांत सामावली. परिणामी एकाच गावात, एकाच वयाचे, एकाच पेशाचे अनेक जॉन जोन्स नांदू लागले, आणि व्यवहारात माणसाची ओळख त्याच्या घरावरून पटवावी लागली. आपल्याकडे माणूस गाव सोडून गेला म्हणजे गावाचे नाव त्याच्या आडनावात ‘कर’ होऊन राहते. वेल्समध्ये माणूस गावात असतानाच घराचे नाव त्यास चिकटते, आणि तो जर कप्तान असला तर घराऐवजी त्याच्या जहाजाचे. पुढे हीच रीत उलट दिशेने फिरली, आणि ज्या गलबताने दैव उघडले त्याचे नाव कप्तान आपल्या नव्या घरास देऊ लागला. बोर्थ ज्या जिल्ह्यात मोडते त्या केरेडिगियनच्या किनाऱ्यावर अशी गलबतांची नावे ल्यालेली घरे आजही दृष्टीस पडतात. ज्यास घर शोधावयाचे आहे, त्याने म्हणूनच माणसाआधी गलबत शोधावे असे माझे मत आहे.

परंतु बहुतेक शोधक आरंभ करतात तो जमिनीच्या कागदांपासून. चर्चला द्यावयाचा उत्पन्नाचा दशांश पूर्वी धान्याच्या, लोकरीच्या वा माशांच्या रूपाने वसूल होई; १८३६ च्या कायद्याने त्याचे रोख रकमेत रूपांतर करण्याचे ठरले, आणि त्यासाठी धर्मपरगण्यांचे मोजणी-नकाशे व त्यांना जोडलेल्या याद्या तयार झाल्या. यादीत भूस्वामीचे नाव, वहिवाटदाराचे नाव, तुकड्याचा क्रमांक, त्याचे स्थानिक नाव, लागवडीचा प्रकार, क्षेत्रफळ आणि आकारणी असा तपशील असे. एक प्रत आयुक्तांच्या दफ्तरी, दुसरी बिशपच्या दफ्तरी आणि तिसरी गावच्या चर्चमध्ये ठेवण्यात येई. आयुक्तांची प्रत आज लंडनजवळ क्यू येथील राष्ट्रीय अभिलेखागारात आहे, बिशपांकडील प्रती ॲबरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत, आणि त्या ग्रंथालयाने स्वयंसेवकांच्या साहाय्याने हे सारे नकाशे व याद्या घरबसल्या पाहता येतील अशी सोय करून दिली आहे. शेतकऱ्याचा वंशज या नकाशावर बोट ठेवून आपल्या पूर्वजाचे शेत अर्ध्या घटकेत दाखवू शकतो. खलाशाच्या वंशजाची मात्र येथे निराशा होते. कारण दशांश हा मुख्यतः पिकावर होता, गोट्यांच्या बांधावर पीक कसले यावयाचे, आणि म्हणून अशा वस्त्या यादीत बहुधा ‘घरे व परसबागा’ एवढ्या एका नोंदीत गुंडाळल्या गेल्या. बोर्थ ज्या लानविहँगेल गेनायर-ग्लिन या विस्तीर्ण धर्मपरगण्यात मोडत असे, तो मुख्यतः शेतकऱ्यांचा व जमीनदारांचा. त्याच्या हिशेबात समुद्राकडे पाठ फिरवून बसलेला महसुली कारकून दिसतो.

दुसरेही एक कारण आहे. पडीक किंवा सामाईक जमिनीवर सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत एका रात्रीत घर उभारून पहाटे धुराड्यातून धूर काढून दाखविला, तर ते घर आपले झाले, अशी वेल्सच्या गोरगरिबांत दृढ समजूत होती. अशा घरास ‘टी इन्नोस’ म्हणजे एका रात्रीचे घर म्हणत, आणि दारात उभे राहून कुऱ्हाड जेवढी दूर भिरकावता येईल तेवढी भोवतालची जमीन आपली, असाही संकेत होता. कायद्याने या समजुतीस कधीही मान्यता दिली नाही. पण मातीच्या ढेकळांनी रात्रीत रचलेल्या झोपडीच्या जागी पुढे दगडी भिंती चढल्या, आणि दोन पिढ्यांच्या वहिवाटीने जे सिद्ध झाले ते सनदेने सिद्ध झाले नव्हते. किनाऱ्यावरील पडीक जागेत वाढलेल्या वस्त्यांतील पुष्कळ घरांचा प्रारंभ असाच कागदाविना झाला असला पाहिजे, आणि ज्यास कागदच नव्हता त्याचा कागद शोधण्यात काळ दवडण्यात अर्थ नाही.

त्यानंतर येते खानेसुमारी. ६ जून १८४१ च्या गणनेत प्रथमच ब्रिटनमधील प्रत्येक व्यक्तीचे नाव राष्ट्रव्यापी पद्धतीने लिहून घेण्यात आले, परंतु पंधरा वर्षांवरील माणसांचे वय सामान्यतः पाचाच्या पटीत खाली उतरवून नोंदले गेले, आणि जन्माविषयी केवळ तो ‘याच जिल्ह्यात’ झाला काय, आणि नसल्यास स्कॉटलंड, आयर्लंड किंवा परदेशात झाला काय, एवढेच विचारले गेले. १८५१ पासून नेमके वय आणि जन्माचा धर्मपरगणा मिळू लागतो. गणकाच्या वहीतील अनुक्रमांक हा घराचा क्रमांक नसून त्याने भरलेल्या पत्रकाचा क्रमांक होय, हे न उमजल्यामुळे कित्येकांनी भलत्याच दारावर टकटक केली आहे. मात्र गणक रस्त्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेला असेल, तर शेजाऱ्यांचा क्रम पुष्कळदा विश्वसनीय ठरतो. आणि चर्च, खानावळ, दुकान अशी एखादी अचल वास्तू सापडली की तिच्यापासून घरे मोजत जाता येते.

पण या वह्यांत खलाशीच नाही. गणनेच्या रात्री तो क्वचितच घरी असे. तो कोठेतरी स्पेनच्या किनाऱ्याजवळ, बाल्टिकमध्ये किंवा हॉर्नच्या भूशिराखाली असे, आणि कार्डिफचा दगडी कोळसा मुंबई व एडन येथील वखारींपर्यंत नेणाऱ्या जहाजांवरही या किनाऱ्याची माणसे होती. त्याच्या ठिकाणी कुटुंबप्रमुख म्हणून जिचे नाव येते ती त्याची पत्नी, आणि व्यवसायाच्या रकान्यात ‘खलाशाची बायको’ असे लिहिलेले असते. या दोन शब्दांच्या नोंदीत बोर्थसारख्या गावांचे सारे समाजशास्त्र आले आहे. पुरुषाचे दफ्तर समुद्रावर आणि स्त्रीचे दफ्तर जमिनीवर. तो वर्षानुवर्षे एका गलबतावरून दुसऱ्यावर जात राहतो, आणि तिचे घर मात्र खानेसुमारीमागून खानेसुमारी त्याच दोन शेजाऱ्यांच्या मध्ये सापडते. तो बुडाला तरी ती तेथेच. मुलगी लग्न होऊन जावयास घेऊन त्याच घरात राहिली, तर आडनाव बदलते आणि घर बदलत नाही. ज्यांनी केवळ पित्याकडून पित्याकडे जात वंशवृक्ष रचला, त्यांना हे घर सापडत नाही, आणि ज्यांनी आईकडून आजीकडे जाणारी वाट धरली त्यांना ते सापडते. वेल्समधील पुष्कळ स्त्रिया विवाहानंतरही माहेरच्या नावाने ओळखल्या जात आणि कबरीच्या शिळेवर तेच नाव कोरले जाई, ही गोष्ट शोधकास फार साहाय्यभूत होते. १८७९ मध्ये बोर्थचे स्वतःचे चर्च उभे राहण्यापूर्वी गावचे मृत लांद्रे येथील मूळ चर्चच्या आवारात नेत. अशा चर्चच्या शिळांवर कप्तानाच्या नावासोबत घराचे नाव आणि त्याखाली, परमुलखात बुडालेल्या, जेथे देहच नाही अशा पुत्रांची नावे लिहिण्याची या किनाऱ्यावर रीत आहे.

खलाशाचा स्वतःचा माग मात्र जहाजाच्या कागदांवरूनच लागतो. ॲबरिस्टविथच्या ग्रंथालयात त्या बंदरी नोंदल्या गेलेल्या पाचशेहून अधिक जहाजांच्या, १८५६ ते १९१४ या काळातील, खलाशी-याद्या जपून ठेवल्या आहेत. त्यांत प्रत्येक इसमाचे नाव, वय, जन्मस्थान, पूर्वीचे जहाज, हुद्दा आणि वेतन नमूद असे, आणि पुढील काळात घराचा पत्ताही येऊ लागला. जहाजाच्या मालकीच्या चौसष्ट तक्षिमा असत, आणि नोंदणीच्या वहीत त्या कोणी धारण केल्या हे पाहू गेल्यास शेतकरी, सुतार, किराणा दुकानदार, धर्मोपदेशक आणि विधवा यांची नावे एकाखाली एक आढळतात. गाव दर्यात उतरले ते असे सर्वांच्या अल्पशा भांडवलाने. १८५८ पर्यंत चर्चच्या न्यायालयांतून शाबीत झालेली वेल्सची जवळजवळ दोन लाख मृत्युपत्रेही तेथेच आहेत, आणि त्यांत तक्षिमांबरोबर घर कोणास दिले हेही लिहिलेले असते.

१८६३ मध्ये आगगाडी बोर्थला पोहोचली आणि गावाचे तोंड फिरले. रेल्वेचे कंत्राटदार टॉमस सॅव्हिन यांनी येथे मोठे हॉटेल बांधून विहारस्थान वसविण्याचा घाट घातला. १८७६ मध्ये इंग्लंडमधील अपिंगहॅम येथे विषमज्वराची साथ आली, तेव्हा मुख्याध्यापक एडवर्ड थ्रिंग यांनी आपली सारी शाळा उचलून याच हॉटेलात आणि आसपासच्या घरांत वर्षभर नेऊन ठेवली. खलाशांच्या बायकांना भाडेकरू मिळाले. परंतु भाडेकरूंना उच्चारता यावीत म्हणून कितीतरी घरांनी जुनी वेल्श नावे टाकून समुद्रदर्शनाची ग्वाही देणारी इंग्रजी नावे धारण केली. माझ्या मते वादळाने जेवढी घरे पाडली नसतील तेवढी या नामांतराने हरवली. सुदैवाने १९१० च्या सुमारास, वेल्श भाषेत वाढलेल्या लॉइड जॉर्ज यांनी अर्थमंत्री म्हणून जमिनीच्या मूल्यवाढीवर कर बसविण्यासाठी जी मोजणी करविली, तिच्या पुस्तकांत लहानात लहान घरासही स्वतंत्र क्रमांक, मालक, भोगवटादार आणि नकाशावरील निश्चित स्थान मिळाले. दशांशाच्या कारकुनाने जे गाळले ते या मोजणीदाराने टिपले. १९११ आणि १९२१ च्या खानेसुमारीशी त्याची रुजुवात घालता येते; १९३१ ची पत्रके १९४२ मध्ये आगीत भस्मसात झाली, १९४१ ची गणना युद्धामुळे झालीच नाही, आणि म्हणून पुढचा आधार २९ सप्टेंबर १९३९ च्या नोंदवहीचाच.

२०१६ च्या वेल्श कायद्यान्वये ऐतिहासिक स्थलनामांची सूची ठेवणे सरकारावर बंधनकारक झाले, आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या सूचीत आरंभीच साडेतीन लाखांहून अधिक नावे होती. मी त्या कायद्याचा मोठा चाहता आहे, जरी घरमालकास नाव बदलण्यापासून तो रोखीत नाही. परंतु ही सूची मुख्यत्वे जुन्या नकाशांवरून रचलेली असल्यामुळे शेते, टेकड्या आणि वाडे तिच्यात विपुल आहेत, आणि एका रस्त्याला चिकटलेल्या खलाशांच्या घरांची नावे, जी नकाशाच्या मापात कधी मावलीच नाहीत, ती विरळ. ती नावे खलाशी-याद्यांत, कबरींच्या शिळांवर आणि प्रार्थनामंदिरांच्या वर्गणीच्या वह्यांत पडून आहेत. तेथून ती वेचून सूचीत चढविण्याचे काम गावोगावच्या वंशजांनाच करावे लागणार आहे.