एकसष्टाच्या पोटातील अब्ज

६० ला १६ ने गुणून एक मिळवला की ९६१ होतात, आणि ते ३१ चा पूर्ण वर्ग आहेत. ६२ ला ६४ ने गुणून एक मिळवला की ६३ चा वर्ग होतो. १६ आणि ६४ हे स्वतःही वर्गच. तेव्हा मधल्या ६१ लाही असाच एखादा लहानसा वर्ग पुरेल, असे कोणालाही वाटावे. श्रोतेहो, कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर रात्र पुरणार नाही. ज्या लहानात लहान संख्येचा वर्ग येथे चालतो ती आहे २२,६१,५३,९८०. आणि उत्तरादाखल येणाऱ्या वर्गाचे मूळ आहे १,७६,६३,१९,०४९.

हे उत्तर भास्कराचार्यांनी इ. स. ११५० च्या सुमारास आपल्या 'बीजगणिता'त दिले. चाचपडत जाऊन अशी संख्या सापडत नाही. तिचे आकारमान हाच तिच्यामागे रीत असल्याचा पुरावा. ती रीत म्हणजे चक्रवाल. भास्कराचार्यांपूर्वी जयदेव नावाच्या गणितज्ञाला ती ठाऊक होती, तेव्हा आद्यत्वाचा मान त्याचा. ८ चा वर्ग ६१ हून ३ ने अधिक, येथून आरंभ करावयाचा. चक्राचा एकच फेरा होताच ३९ आणि ५ हाती येतात: ३९ चा वर्ग १५२१, ६१ गुणिले २५ म्हणजे १५२५, अंतर अवघे चार. अंतर चारावर आले की पुढचे काम ब्रह्मगुप्ताच्या 'भावने'ने, म्हणजे दोन उत्तरांच्या संयोगातून तिसरे घडविण्याच्या युक्तीने, झरझर उरकते.

या जोडीचा आणखी एक गुण असा की, मोठीला धाकटीने भागले असता ६१ चे वर्गमूळ मिळते, आणि त्यातील चूक एका परार्धांशाहूनही कमी असते. 'लीलावती'तील संख्यास्थानांत परार्ध हे शेवटचे स्थान आहे!

१६५७ मध्ये फ्रान्सच्या फेर्माने हाच ६१ चा प्रश्न आपल्या समकालीनांपुढे आव्हान म्हणून टाकला. तो पाचशे वर्षांपूर्वीच सुटला होता, हे त्याला कळण्यास मार्ग नव्हता. पुढे या समीकरणाला नाव मिळाले पेलचे, ज्याचा त्याच्याशी फारसा संबंध नव्हता. चक्र नेहमी मुक्कामी पोहोचते हे मात्र भास्कराचार्यांनी सिद्ध करून ठेवलेले नाही. अशा समीकरणाला उत्तर असतेच, याची सिद्धता अठराव्या शतकात लाग्रांजने दिली. श्रेयाची वाटणी करताना हेही सांगितले पाहिजे.

युरोपला हा ग्रंथ नीट वाचावयास मिळाला तो हेन्री टॉमस कोलब्रुकच्या १८१७ मधील इंग्रजी भाषांतरामुळे. हाच कोलब्रुक १७९९ ते १८०१ या काळात कंपनीचा वकील म्हणून नागपूरकर भोसल्यांच्या दरबारी होता. रायपूर आणि अवघा छत्तीसगड तेव्हा त्याच भोसल्यांच्या अमलाखाली होता.

भास्कराचार्यांच्या वंशजांनी मात्र ग्रंथ जपण्याची तजवीज फार पूर्वीच केली होती. चाळीसगावजवळच्या पाटण गावी शके ११२८ चा, म्हणजे इ. स. १२०७ चा, शिलालेख आहे. भाऊ दाजी लाड यांनी तो विद्वानांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात. पण मठाचा खर्च चालावा म्हणून बाजारातील मालावर काय द्यावयाचे, हा मजकूर आला की दगडावरची भाषा मराठी होते.