सर्दी-खोकला, अँटिबायोटिक आणि डॉक्टरांची चिठ्ठी

साधी सर्दी बहुतेक वेळा विषाणूंमुळे होते. त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. डॉक्टरांना हे ठाऊक असते. पण आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात ओपीडी भरलेली असते, ‘डॉक्टर, भारी गोळी द्या, उद्या कांदा काढायचाय’ असा आग्रह होतो आणि सवयीने तेच लिहिले जाते.

सवय कशी बदलते?

- जाहीर वचन: लॉस एंजेलिसमधील काही दवाखान्यांत ‘गरज नसताना अँटिबायोटिक देणार नाही’ असे पत्रक डॉक्टरांच्या फोटो-सहीनिशी लावले. अनावश्यक अँटिबायोटिक लिहिणे घटले.
- तुलना: इंग्लंडमध्ये २०१४ साली जास्त अँटिबायोटिक लिहिणाऱ्या डॉक्टरांना पत्र गेले: तुमच्या भागातले ८० टक्के दवाखाने तुमच्यापेक्षा कमी लिहितात. सहा महिन्यांत प्रमाण ३.३ टक्क्यांनी घटले.

तुम्ही काय कराल?

- विचारा: ‘यात अँटिबायोटिक आहे का? दोन दिवस थांबलं तर चालेल का?’
- पाकिटावर लाल रेघ असलेले औषध चिठ्ठीशिवाय घेऊ नका.
- मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका.

धाप, छातीत दुखणे, तीन दिवसांहून जास्त ताप किंवा बाळाचे दूध तुटले तर थांबू नका, लगेच दाखवा.